फाईल पुरुषाच्या हातात

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. सहाला नळ आला. पावणेसातच्या एसटीने चांगुणाबरोबर नगरच्या दवाखान्यात. दुपारी साडेतीनला परत. पाय सुजले.

चांगुणा माझी शेजारीण. इथे श्रीरामपुरात पिठाची गिरणी चालवते. वय सेहेचाळीस. तीन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढला, मग रेडिएशनचे शेक दिले. टाके सुकल्यावर ती एका हाताने दळण ओतू लागली. गल्लीने फार कौतुक केले. कौतुकाने गल्लीचे काही जात नाही.

दवाखान्यात फाईल धरतो तिचा नवरा, कारभारी. आमच्याकडे रीतच ती: आजार बाईचा, फाईल पुरुषाची. डॉक्टर त्यालाच विचारतात, "काही त्रास?" हा गृहस्थ सांगतो, "न्हाई साहेब, एकदम ओके हाय." शेजारी बसलेली बाई म्हणजे दळणाचा डबा.

गेल्या रविवारी ती मला म्हणाली, "मावशी, मी क्यान्सरची गोळी बंद केली. दीड महिना झाला. घरात कुनाला म्हाईत न्हाई."

"का?"

"त्या गोळीनं सगळं कोरडं पडलंय. ह्यांनी जवळ घेतलं की आत कापल्यावानी हुतं. एकदा मी वरडले. तवापासून हे गिरणीतच झोपत्यात. गोळी सोडली तर पहिल्यावानी हुईल, म्हनून सोडली."

हे दुखणे तिने सासूला, रंगुबाईला, सांगून पाहिले होते. रंगुबाई म्हणाली, "जीव वाचला, आता कसली हौस? माळ ओढ." लग्नाला वर्ष होत नाही तोच नातवासाठी नवस बोलणारी हीच रंगुबाई.

मी तरी काय मोठी शहाणी? आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरने शरीरशास्त्राची दोन पाने डिंकाने चिकटवली होती. त्यांत काय होते ते मला लग्नानंतर कळले, तेही अर्धे.

म्हणून आज कारभारीला गिरणीवर बसवले आणि फाईल चांगुणाकडे दिली. डॉक्टरांनी सवयीने माझ्याकडे पाहून विचारले, "काही त्रास?" मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मग चांगुणा बोलली. मान खाली, पण सगळे. गोळी सोडल्याचेसुद्धा.

"तीन वर्षांत बोलला का नाहीत?"

"तुमी मला इचारलं कुठं? ह्यांना इचारत हुता."

डॉक्टरांना चष्मा पुसावासा वाटला. मग म्हणाले, गोळी आजपासून पुन्हा सुरू, तिच्यामुळेच आजार उलटायचा धोका कमी होतो. कोरडेपणासाठी हार्मोन नसलेले जेल नेमाने लावायचे, संबंधाच्या वेळी वेगळे बुळबुळीत जेल. फरक पडला नाही तर गोळी बदलून पाहू, पण आपल्या मनाने सोडायची नाही. सांगायला चार मिनिटे लागली. एवढ्यासाठी तीन वर्षे.

गिरणीवर आल्यावर तिने नवऱ्याला सगळे सांगितले. त्याने पट्टा बंद केला.

"मला वाटलं, तुला शेक दिलाय, त्याची गरमी अंगात आसंल. तुला तरास, आन मला बी लागंल. म्हनून हितं झोपत हुतो."

"आन हे मला सांगायला तोंड नव्हतं? डाक्टरपुढं तर लई चालायचं."

"आता ते जेल कोन आननार? मेडिकलवाला वळखीचा हाय."

"फाईल धरता आली, ट्यूब बी धरता येईल."

तो गेला. तीन वर्तमानपत्रांत गुंडाळून ट्यूब घेऊन आला, बॉम्ब आणल्यासारखी.

रात्री लिहिले: चांगुणाने आठ वाजता माझ्या स्वयंपाकघरात गोळी घेतली. पिठले खारट झाले.