संग्रहित छायाचित्र

आमच्या नांदेडच्या कचेरीत वाचकाला वाचक कुणी म्हणत नव्हतं. पब्लिक म्हणायचे. पब्लिकला काय कळतंय, पब्लिक विसरतं, पब्लिकला फोटो लागतो, मजकूर लागत नाही. मी त्या जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो, लातूरचं पान लावायचो, आणि ही वाक्यं मीही रोज म्हणायचो. उगाच आता साळसूदपणाचा आव कशाला आणू?

संपादकांना आम्ही साहेब म्हणत होतो. साहेबांचा पब्लिकवर राग नव्हता, त्यांना पब्लिकची कीव यायची. सकाळी चहात बिस्कीट बुडवून खाणाऱ्या माणसाला बातमीही मऊच लागते, असं ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी समजावून सांगायचे. स्वतः मात्र आमचा पेपर वाचत नव्हते. घरी दुसरा घ्यायचे.

बातमी मऊ करायची आमची रीत ठरलेली होती. कुठं काही झालं की 'खळबळ'. नाल्यात म्हैस पडली तरी खळबळ. मग 'नागरिकांत संतापाची लाट', आणि ती लाट आम्ही टेबलावर बसूनच उठवायचो. नागरिकाला विचारत कोण बसतंय? वाचकांच्या पत्रांची जागा रिकामी राहिली की पत्रं मीच लिहायचो. एकदा एकाच अंकात कंधारचा संतप्त तरुण, मुखेडची जागरूक गृहिणी आणि उदगीरचे ज्येष्ठ नागरिक असे तिघेही मीच होतो, आणि ज्येष्ठ नागरिकांनी गृहिणीचा मुद्दा पार खोडून काढला होता. खरी पत्रं येत नव्हती असं नाही. हदगावहून एक निवृत्त मास्तर दर आठवड्याला कार्ड पाठवायचे. सोयाबीनचा भाव मागच्याच सोमवारचा छापलाय, एकाच पुलाची लांबी दोन पानांवर दोन आहे, असं. आम्ही ते कार्ड मोठ्यानं वाचून खो खो हसायचो आणि मग त्यावर चहाचा कप ठेवायचो. त्यांचं एकही कार्ड मी छापलं नाही. छापलं असतं तर पुढच्या आठवड्यात भाव नीट बघून टाकावा लागला असता.

तर लातूर. सगळ्या मराठवाड्यातली लेकरं डॉक्टर व्हायला तिथं क्लास लावून राहतात, आणि लेकरं आली की खानावळी आल्याच. एका उन्हाळ्यात क्लासेसच्या भागातल्या एका खानावळीतली बरीच मुलं एकदम आजारी पडली. उलट्या, जुलाब, दवाखाना, सलाइन. दोन-तीन दिवसांत सगळी बरी होऊन खोलीवर आली. आमच्या लातूरच्या वार्ताहरानं लगोलग बातमी पाठवली. बिचाऱ्यानं मेहनत घेतली होती, खानावळीचं नाव-पत्ता सगळं दिलं होतं.

ते नाव वाचून साहेबांनी चष्मा काढला. ती खानावळ एका मोठ्या क्लासवाल्याच्या मेव्हण्याची होती, आणि त्या क्लासच्या पानभर जाहिराती निकालाच्या दिवसांत आमच्याकडं यायच्या. हसऱ्या पोरांच्या मुंड्यांनी सगळं पान भरून जायचं. साहेब म्हणाले, "नाव काढा. 'शहरातील एका खानावळीत' असं करा. कुणाच्या पोटावर पाय देऊ नये आपण."

मी नाव काढलं. साहेबांनी सांगितलं, पण बटण माझ्या बोटानं दाबलं.

नाव गेलं, आता फोटो पाहिजे. त्या खानावळीचा लावायची तर सोय नव्हती. मी आमच्या जुन्या फोटोंत शोधलं आणि एक झकास फोटो हाती लागला. महिला पुरवणीसाठी कधीतरी काढलेला, लातूरच्याच एका बाईच्या खानावळीचा. ओळीनं मांडलेले स्टीलचे डबे आणि भाजी वाढणारा हात. मी मागची पाटी पुसट केली, बाईचा चेहरा कापला आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'संग्रहित छायाचित्र' असं टाकलं. हे दोन शब्द टाकले की कुणाचाही फोटो कुठंही लावायला आम्ही मोकळे. मथळा दिला, 'जेवणातून विषबाधा. पालकांत चिंतेचे वातावरण'. एकाही पालकाशी मी बोललो नव्हतो. लातूरचं पान संध्याकाळी सहाला सोडावं लागे. पावणेसहाला माझं काम उरकलं होतं आणि मी समाधानानं तंबाखू मळत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती फोटोतली बाई कचेरीत आली. लातूरहून एसटीनं आली होती, हातात पिशवी, पिशवीत आमचा अंक. मूळची हदगावकडची. पोरीला क्लास लावायला म्हणून लातूरला येऊन राहिली, पोरगी शिकायला पुढं गेली आणि ही तिथंच डबे देत राहिली. चाळीसेक लेकरं होती तिच्याकडं. सगळी तिला काकू म्हणायची.

तिनं अंक माझ्या टेबलावर पसरला. "भाऊ, ह्यो फोटो कुणी लावला?"

"ताई, तो संग्रहित आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे जुना. तसा तुमचा नाही. बातमीत कुठं तुमचं नाव आहे का? पाटी वाचता येते का? चेहरा दिसतो का?"

तिनं अंक माझ्याकडं सरकवला. मग तिनं फोटोतल्या एका डब्याच्या झाकणावर बोट ठेवलं. डबे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून खानावळवाल्या बाया झाकणावर नेलपॉलिशनं खूण करतात. ही बाई नुसत्या रेघा मारत नव्हती. लेकरू सांगेल ते काढून द्यायची. एकावर बॅट होती, एकावर चांदणी, एका परभणीच्या पोरीनं मांजर काढायला लावलं होतं आणि ते उंदरावर गेलं होतं. फोटो लावताना मला ते लाल डाग वाटले होते.

"ही मांजरवाली," ती म्हणाली. "हिच्या मायनं पेपर बघितला अन् सकाळी सातलाच फोन केला. ह्यो चांदणीवाला. ह्याचा बाप दुपारी येऊन डबा बंद करून गेला. मायबापांच्या मोबाइलवर ग्रुप असतेत, तिथं सगळीकडं ह्यो फोटो फिरून राहिला. पाटी पुसली तुम्ही, डबे पुसायचे राहिले. लोकं काय आंधळे हायेत का भाऊ?"

चूक माझीच होती, हे मला कळलं. पण आमच्या धंद्यात पोटातलं तोंडावर दाखवत नाहीत. "लोकांचा गैरसमज झालाय," मी म्हणालो.

"लोकांचा?" तिनं एवढंच विचारलं.

मग तिनं काय पाहिजे ते सरळ सांगितलं. तीन दिवसांत चाळीसाचे अकरा डबे झाले होते. जूनमध्ये नवी लेकरं येतात, त्यांचे मायबाप आठ दिवस खानावळी बघत हिंडतात आणि एकदा ठरवलं की वर्षभर बदलत नाहीत. तोवर तिच्यावरचा डाग निघाला नाही तर खानावळ बंद करून गावी जायचं, दुसरा रस्ता नव्हता. "जूनच्या आत छापा, का आजारी पडली ती लेकरं माझ्याकडली नव्हती. त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. अन् माझं नाव टाका. पुरं नाव."

मी तिला साहेबांकडं नेलं. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. बायामाणसांशी साहेब फार अदबीनं वागायचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, बातमीत तुमचं नाव नव्हतं. मग खुलाशात कसं टाकायचं? उलट नाव टाकलं तर सगळ्यांना कळेल की फोटो तुमचा होता."

"सगळ्याईला कळलंच हाय की."

"अहो, लोक विसरतात. महिनाभर थांबा, कुणाच्या ध्यानातही राहणार नाही."

बाईनं चहाचा कप खाली ठेवला. "लोकं इसरून जातेत तर तुम्ही रोज कशाला छापता साहेब?"

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. साहेब चहा ढवळत राहिले. त्यात साखर नव्हती, त्यांना डायबेटिस होता. "बघतो, बघतो. खुलासा देऊ आपण," म्हणत त्यांनी तिला दारापर्यंत पोचवलं.

खुलासा लिहायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. सातव्या पानाच्या तळाला, निविदा आणि नावात बदलाच्या जाहिरातींच्या मधे, दोन ओळी. लातूरच्या बातमीसोबतचे छायाचित्र संग्रहित होते, त्यामुळे वाचकांचा गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहोत. 'झाला असल्यास' हे माझं. म्हणजे आम्ही काही केलेलंच नाही, आणि झालंच असेल काही तर ते वाचकाच्या डोक्यात झालंय. साहेबांनी त्या दोन शब्दांसाठी माझी पाठ थोपटली. लाज वाटते आज. त्या दिवशी वाटली नव्हती, मी खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "भाऊ, सगळा पेपर दोन बार बघितला. कुठं छापलंय?"

मी पान सांगितलं. पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला.

"हाव, हाय. पण हे कुणाबद्दल हाय?"

"तुमच्याबद्दलच की ताई."

"ते मला ठाऊक हाय. वाचणाऱ्याला कसं कळावं?"

मी काहीतरी बोललो, आता आठवत नाही काय. जागेची अडचण, नियम, असलंच काही डोंबलाचं. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

जून आला, गेला. वार्ताहराशी एकदा दुसऱ्याच कामाचं बोलणं चाललं होतं, त्यात तो सहज म्हणाला की काकूंची खानावळ बंद झाली, भांडी विकून टाकली. मला स्वतःचा असा काही संताप आला की त्या दिवशी मी जाहिरात विभागातल्या एका माणसाशी पंख्यावरून भांडलो. खुर्च्या आपटल्या, तोंडाला येईल ते बोललो. साहेबांच्या खोलीत जाऊन एक शब्द बोलायचा होता, तो बोललो नाही. नोकरी होती, घराचा हप्ता होता, आणि खरं सांगायचं तर हिंमत नव्हती.

पोळ्याच्या सुमाराला लातूरच्या पहिल्या पानासाठी एक रंगीत जाहिरात आली, पाव पानाची. 'घरची आठवण विसरायला लावणारं घरगुती जेवण.' मधोमध त्या बाईचा फोटो, डोक्यावर पदर, हातात पळी. खाली लाल ठळक अक्षरांत तिचं नाव, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, आणि पुढं कंसात 'आपल्या सर्वांच्या लाडक्या काकू'. जाहिरात त्या क्लासवाल्याच्या मेव्हण्याच्या खानावळीची होती. त्यानं तिला स्वयंपाकाला ठेवून घेतलं होतं. प्रूफ मीच तपासलं. साहेबांनी पान बघितलं आणि म्हणाले, "बघा, बाईचं शेवटी भलंच झालं."

अंक निघाला त्या दिवशी दुपारी मी तिला फोन लावला. का लावला, नीट सांगता येणार नाही. माफी मागायची होती बहुतेक. मागे भांड्यांचा खणखणाट चालला होता.

"ताई, जाहिरात बघितली."

"हाव. नाव बरोबर आलंय." आवाजात राग नव्हता. दोन-चार जुनी लेकरं परत जेवायला येऊन राहिली, पगार वेळेवर मिळतो, असं काय काय सांगितलं तिनं. मग म्हणाली, "भाऊ, एक इचारू? हितल्या बाया सांगतेत, उन्हाळ्यात लेकरं आजारी पडली ती हितलीच. तुम्हाला तवा ठाऊक व्हतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. रोजची सवय होती.

"होतं," मी म्हणालो.

मी डोळे मिटून घेतले. आता ही बाई मला फाडून खाणार, तिची खानावळ, तिची भांडी, तिची अब्रू, सगळ्याचा जाब विचारणार, आणि विचारावाच, असं मला वाटत होतं. पण तिनं त्यातलं काहीच काढलं नाही.

"मी कामाला लागले त्या दिवशी वरची पाण्याची टाकी उघडून बघितली," ती म्हणाली. "झाकणच नव्हतं. आत कबुतर मरून पडलेलं, कवाचं की. पिसं अन् हाडं तेवढी ऱ्हायली व्हती. धुवून घेतली मी. पण उन्हाळ्यापासनं मी येईस्तोवर लेकरं तेच पाणी पिऊन राहिली व्हती भाऊ. पोटं बिघडायची, गोळ्या खायची अन् पुन्हा तेच प्यायची. त्याईच्या मायबापाच्या घरी तुमचा पेपर येतो. रोज वाचतेत ते."