महालाची वाट

सावळीराम हा हिंगणझिरी महालाचा शेवटचा शिपाई, राहायला जवळच्याच एका खेड्यात. महाल म्हणजे तालुक्याचं धाकटं भावंड. गाव टीचभर, पण थाट केवढा! कचेरी, कोठडी, सरकारी दवाखाना आणि सगळ्यांवर महालकरी साहेब. पितळी बिल्ला लावून सावळीराम दारात उभा राहिला की आजूबाजूची खेडी त्यालाच अर्धा साहेब समजत. त्यालाही ते फारसं खोटं वाटत नसे.

मग सरकारला महाल नकोसा झाला. गावं नांदगाव तालुक्याला जोडली, कचेरी गेली, पाठोपाठ दवाखानाही गेला. सावळीरामाने उरलेली नोकरी नांदगावला काढली. पण जिभेच्या बदलीचा हुकूम कोण काढणार? नांदगावला निघाला तरी तो म्हणायचा, "म्हालाला चाललो." बायको मालनबाईला हसू यायचं. लोकांच्या तोंडी मात्र महाल म्हणजे अजूनही हिंगणझिरीच.

परवा सकाळी मालनबाईच्या छातीत कळ आली. सातपूरला कारखान्यात असलेल्या अश्विनने, त्यांच्या मुलाने, फोनाफोनी करून नांदगावच्या दवाखान्यात खाट तयार ठेवायला लावली आणि तसाच निघाला. इकडे सावळीरामाने शेजारच्या संतोषची रिक्षा बोलावली, मालनबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडला, "म्हालाला चल, लवकर!"

संतोषने रिक्षा दामटली ती थेट हिंगणझिरीला. जुन्या दवाखान्याच्या ओसरीवर शेळ्या बांधलेल्या होत्या. सावळीरामाने मान वर केली आणि तो किंचाळला, "आरं, नांदगावला!" संतोष बिचारा रडकुंडीला आला, "आबा, तुमीच म्हनले ना म्हालाला!" रिक्षा परत फिरवली. नांदगावचा फाटा यायच्या आधीच मालनबाईने मान टाकली.

संतोषला कुणी बोललं नाही. सावळीरामालाही नाही, आणि तेच त्याला सोसवेना. कुणीतरी चार शिव्या घालायला हव्या होत्या.

माती झाल्यावर अश्विन जवळ येऊन बसला. "आबा, आई जाताना काही बोलली?"

"नाय रे. काय बोलंल ती?"

ती बोलली होती. रिक्षा फाट्यावरून वळली तेव्हा डोळे उघडून म्हणाली होती, "आवो, ही वाट नांदगावची नाय." सावळीरामाने बाहेर बघितलंसुद्धा नाही. तिच्या कपाळावरून हात फिरवत तो म्हणाला होता, "गप पड गं. म्हाल आला बघ." सरकारातलं नवऱ्याला जास्त कळतं, असं ती जन्मभर मानत आली होती. ती गप्प राहिली.