गाऱ्हाणं घालणाऱ्याचा गळा

रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘इनडिटरमिनेट’. डॉक्टर बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “म्हणजे नक्की सांगता येत नाही.”

मी म्हटलं, “कॅन्सर आहे की नाही, एवढंच सांगा.”

“तेच तर सांगता येत नाही.”

म्हापशाच्या त्या हॉस्पिटलात मी ‘आहे’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरं ऐकायची तयारी करून गेलो होतो. या तिसऱ्या उत्तराची तयारी नव्हती. शेजारी बसलेली माझी बायको सुलभा पदराशी चाळा करत राहिली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “वायट आसा असां तरी म्हणूक ना.” मी चिडून म्हटलं, “बरां खंय म्हणाली?” मग बस आली.

गाठ सुलभानेच पाहिली होती. सकाळी मी पेज पीत होतो आणि ती समोर बसून नारळ खवत होती. एकदम खवणं थांबवून म्हणाली, “तुमच्या गळ्यात किते तरी वर-सकल जाता.” आरशात पाहिलं. घोट घेतला की डावीकडे सुपारीएवढं काहीतरी वर चढायचं आणि परत खाली यायचं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर लवकर दाखवलं असतं. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी पेडण्याहून म्हापशाला कोण जातो? मामलेदार कचेरीत कारकुनी करणारा माणूस तर नाहीच जात. मी काजूचा अख्खा मोसम तसाच काढला.

मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त तपासलं, ते चांगलं आलं. गळ्याची सोनोग्राफी केली, म्हणजे आवाजाच्या लहरींनी आतलं चित्र काढतात ते. त्यात एक टणक गाठ दिसली. मग एफएनएसी. बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढून घेतात आणि काचेवर पसरून दुर्बिणीखाली बघतात. सुईला मी घाबरलो नाही. त्यानंतरच्या वाट बघण्याला घाबरलो. रिपोर्ट आला तो हा, ‘इनडिटरमिनेट’. पुन्हा सुई घातली, पुन्हा तसाच आला. काचा मुंबईला पाठवल्या. मुंबईवाल्यांनी तेच जरा भारी इंग्रजीत लिहून पाठवलं.

डॉक्टर बाई मूळच्या बेळगावच्या, बोलायला सरळ. त्यांनी कागदावर एक गोल काढून समजावलं. तुमच्या गाठीला ‘फॉलिक्युलर’ म्हणतात. या जातीत साध्या गाठीच्या आणि कॅन्सरच्या पेशी सुईने काढल्या तर सारख्याच दिसतात. फरक एवढाच की कॅन्सर असेल तर त्या गाठीचं आवरण फोडून बाहेर पडलेल्या असतात. आवरण फुटलंय की नाही, हे अख्खी गाठ बाहेर काढून कापून बघितल्याशिवाय कळत नाही.

“म्हणजे ऑपरेशन करायची गरज आहे का, हे ऑपरेशन केल्यावरच कळणार?” मी विचारलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “बहुतेक वेळा साधीच निघते. पण बहुतेक म्हणजे नेहमी नव्हे.”

ऑपरेशनचं नाव लोबेक्टॉमी. थायरॉइड ही गळ्यातली फुलपाखरासारखी ग्रंथी, तिचा एक पंख काढायचा. धोका एका नसेचा. रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. ती ग्रंथीला चिकटून मागून जाते आणि आवाजाच्या पडद्यांना हलवते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो, क्वचित कायमचा जातो. कितीही जपून केलं तरी हा धोका राहतोच, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. ते मला इथे मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढे गावात लोकांनी त्या बाईंना नावं ठेवली.

“काम काय करता?” त्यांनी विचारलं.

“कारकून.”

“मग आवाज थोडा बसला तरी फार अडायचं नाही.”

मी मान डोलावली. सुलभाने नाही डोलावली. “डॉक्टर, हे देवळात गाऱ्हाणं घालतात. सगळ्या गावासाठी.”

बाईंना ते माहीत नव्हतं. सुलभाने आपल्या परीने मराठीत सांगितलं. जत्रा असो, शिमगो असो, कुणाची गाय हरवो की कुणाचं लग्न ठरो, गाव देवापुढे जमतो आणि एक माणूस मोठ्याने देवाला सगळं सांगतो. बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तो मान आमच्या घराण्याचा. वडील गेल्यापासून तो आवाज माझा. माईक नाही, कागद नाही. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचला पाहिजे.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मग मी तुम्हाला काही सुचवणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ठरवा.”

इतकं वाईट मला त्या ‘इनडिटरमिनेट’नेही वाटलं नव्हतं. मला वाटायचं, डॉक्टर म्हणजे ठरवणारा माणूस.

गावात मात्र ठरवणाऱ्यांची उणीव नव्हती. वाळपईच्या एका बाईने कापून घेतलं आणि ती ठणठणीत आहे, हे मला रोज कुणीतरी सांगे. सुर्ल्याचा एक ट्रकवाला तीच गाठ गळ्यात घेऊन वर्षानुवर्षं खनिज ओढतोय, हेही रोज कुणीतरी सांगे. दोघांनाही मी कधी पाहिलं नाही. कचेरीत फाइल उघडली की डावा हात आपोआप गळ्यावर जायचा. गाठ वाढली का, म्हणून मी दिवसभर घोट गिळून बघायचो. शेवटी गळा दुखायला लागला आणि वाटलं, संपलं. तो नुसता गिळून गिळून दुखत होता.

मग देवाला विचारायचं ठरवलं. आमच्यात कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि आपण प्रश्न घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्या घरात एक रीत आहे, स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः घालायचं नाही. मला माझ्या चुलत भावाला, भालूला, सांगावं लागलं. हा मान आपल्यालाही मिळावा असं भालूच्या मनात लहानपणापासून होतं, आणि त्याचा आवाज बरा असला तरी तो गाऱ्हाण्यात घ्यायची देवांची नावं विसरतो.

भालू उभा राहिला आणि खाकरला. “बा देवा म्हाराजा, आज हो आमचो दादा तुज्या पायांकडे इलो आसा. त्येच्या गळ्यात गाठ जाली आसा. ती कापची काय नाका, ता तूच सांग रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” घरचे चारजण म्हणाले.

गावातल्या देवांची नावं घेताना शिवेवरच्या देवाचं नाव तो विसरला होता. मी जीभ चावून बसलो.

गुरवाने आधीच पंखा बंद केला होता. आम्ही घामाघूम होऊन पाकळ्यांकडे बघत होतो. एकही पडली नाही. दुपारच्या आरतीची वेळ झाली तरी दोन्ही जागच्या जागी. गुरव म्हणाला, “आज देव गप्प आसा, उलयना. परत केन्ना तरी येवा.” भालू हळूच म्हणाला, “दादा, देवाचो रिपोर्ट पण तसोच इलो.” मला हसू आलं. त्या सगळ्या काळात मी हसलो तो तेवढाच. घरी येऊन मात्र खोलीचं दार लावून रडलो. इतकी वर्षं गावाचं सांगणं त्याच्यापर्यंत पोचवलं, आणि माझं एक विचारलं तर हा गप्प.

त्यानंतर मी सुलभाला सांगितलं की काही करायचं नाही, आहे तसं राहू दे. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमचो आवाज गावाचो. माज्या वांट्याक तो खंय इलो? घरात तुमी उलयतात ता मीठ कमी पडला म्हणून सांगूक. माका आवाज नाका. माका माणूस जाय.”

तिला आवाज नको होता, मी हवा होतो. दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात जाऊन तारीख घेतली. हे धैर्य नव्हतं. मी वाट बघून थकलो होतो आणि तिच्या बोलण्यात निदान एक बाजू होती.

ऑपरेशननंतर जाग आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, “नाव सांगा.” मी सांगितलं. नुसता वारा बाहेर पडला. सूज असेल, थांबू, असं बाई म्हणाल्या. सुलभाने उंडो, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, चहात बुडवून भरवला तो उतरला, पण साधं पाणी श्वासनळीत जाऊन ठसका लागला. आजही पेज पिताना हनुवटी छातीला टेकवून प्यावी लागते.

आठवडाभराने पक्का रिपोर्ट आला. फॉलिक्युलर अॅडेनोमा. साधी गाठ. आवरण शाबूत. ती गळ्यात तशीच राहिली असती तर बहुधा माझ्याबरोबर म्हातारी झाली असती. सुलभाने देवळात नारळ ठेवला, शेजारी पेढे वाटले. लोक माझा हात धरून अभिनंदन करत होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडायलाच तर येत नव्हतं.

मग नाकातून दुर्बीण घालून पाहिलं. डावा पडदा हलत नाही. त्याला व्होकल कॉर्ड पॅरालिसिस म्हणतात, आवाजाच्या पडद्याचा लकवा. पणजीला जाऊन आवाजाचे व्यायाम शिकलो. भिंतीला हात टेकून जोर लावायचा आणि ‘आ’ म्हणायचं. वर्ष उलटलं तेव्हा डॉक्टर बाई म्हणाल्या, “आता यापेक्षा फार सुधारेल असं मला वाटत नाही.” या वेळी उत्तर नक्की होतं.

ज्यांच्या हातात असा अर्धवट रिपोर्ट पडला असेल, त्यांनी मला विचारलं तर मी कापा म्हणणार नाही आणि कापू नका असंही म्हणणार नाही. डॉक्टरांनी काम विचारलं तर फक्त नोकरी सांगू नका, गळ्याने काय करता तेही सांगा. आणि घरच्यांशी आधी बोला, आवाज असताना. सुलभाला मी आता जे सांगतो ते तिला कान जवळ आणून ऐकावं लागतं. ती आणते. एवढं माझं नशीब बरं आहे. पण मोबदला म्हणून ते पुरत नाही, खोटं कशाला बोलू.

यंदा जत्रेला भालूने गाऱ्हाणं घातलं. मी पहिल्यांदाच मागच्या माणसांत उभा राहिलो. शिवेवरच्या देवाचं नाव तो परत विसरला. मी तिथून सांगितलं, पण माझ्या पुढच्याच माणसाला ते ऐकू गेलं नाही. मग शेवटी भालू थांबला, मान वळवून त्याने गर्दीत मला शोधलं आणि तो म्हणाला, “आणि आमच्या दादाचो आवाज तुजीच सेवा करून गेलो. तो त्येका परत दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळा गाव एकदम म्हणाला. इतका मोठा ‘व्हय’ मी पुढे उभा असताना कधी ऐकला नव्हता.

मीही म्हणालो. गावाच्या आवाजात माझा वारा होता की नाही, माझं मलाच कळलं नाही. देवाने ऐकला असेल तर त्याने अजून तरी काही कळवलेलं नाही.