चौदा आटे

माझे सासरे शंकरराव, आमचे बाबा, हे गावाचे पाणीवाले. चिखलीकडच्या उंद्रीपासून चार किलोमीटरवरच्या आमच्या गावात एकतीस वर्षं नळाचे वॉल त्यांनी उघडले आणि बंद केले. एवढंच काम, पण त्यांचा तोरा असा की जणू पाऊससुद्धा त्यांना विचारून पडतो. लग्न करून मी या घरात आले तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या माहेरी पाणी किती वाजता येतं ते विचारलं होतं.

वॉल, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची झडप, जमिनीखाली असतो. सिमेंटचा चौकोनी खड्डा, त्यावर लोखंडी झाकण. कमरेइतक्या उंच लोखंडी चावीनं तो फिरवायचा, चौदा आटे. उघडा आहे की बंद हे वरून दिसत नाही. बंद बाजूला फिरवून पाहायचं. फिरला तर उघडा होता, नाही फिरला तर बंद. बाबांची सगळी विद्या एवढीच, आणि ती त्यांच्या हातात होती.

गेल्या वर्षी ते साठ वर्षांचे झाले. ग्रामपंचायतीनं शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्यांच्या जागी समताला घेतलं. समता म्हणजे आमच्याच वस्तीतल्या अंबूबाईची पोरगी. आयटीआय शिकलेली, बाप नाही, घर तिच्याच पगारावर. बाबांनीच तिला पंधरा दिवस सोबत फिरवून काम शिकवलं. “माह्या हातची पोरगी हाय,” असं चार लोकांत सांगायचे.

आणि मग घरी बसले. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी जेवता जेवता हातातला घास ठेवला आणि म्हणाले, “वरच्या आळीचा वॉल उघडा राह्यला वाटते.” तळहात घामानं ओले, छाती धडधडत होती. आम्ही घाबरून चिखलीला नेलं. हृदयाची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, ही चिंता आहे. आयुष्यभराचं काम सुटलं की होतं असं. सकाळी फिरायला जात जा.

बाबांना ते फार लागलं. “चिंता म्हंजे? मले काय येड लागलं काय?” असं गाडीत बसल्यापासून घरी येईपर्यंत बडबडत होते.

माझ्या सासूबाई पंचफुला यांनी त्यावर एक नियम काढला. घरात पाण्याचा विषय काढायचा नाही. कोणाकडे पाणी आलं, कोणाकडे नाही, नवी टाकी, नवा टाइम, काही बोलायचं नाही. उगाच जखमेवर मीठ कशाला! आम्ही सगळ्यांनी तो नियम पाळला. बाबांनीही पंचायतीकडचा रस्ता सोडला. तिथून जाताना छाती धडधडते म्हणून मारुतीच्या देवळामागून फिरून जायचे.

फिरण्याचा गुण मात्र आला. रोज पावणेसहाला निघायचे, सातच्या आत परत. येताना चेहरा शांत, दोन भाकरी खायचे. सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टर हुशार हाय बाप्पा.” मीही मान डोलावली.

आता माझं सांगते, कारण या गोष्टीत सगळ्यात जास्त तोंड मीच वाजवलं. मी वरच्या आळीत अंगणवाडी चालवते. दिवाळीनंतर वरच्या आळीचं पाणीच बंद झालं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अठरा दिवस. पोरांच्या खिचडीसाठी मी आणि मदतनीस हापशावरून हंडे वाहायचो. मी समताला भर रस्त्यात धरलं.

“ताई, मी सहाले उघडते. आईची शपथ,” ती म्हणाली. “मंग टाकीवर मोटरपाशी जाते, तिथून हलता येत नाही. आठले येऊन पाह्यते त वॉल बंद! कोणीतरी बंद करते.”

“कोण बंद करते? भूत?” मी म्हटलं. “चावी त तुह्याच जवळ हाय!”

बायका हसल्या. समता हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा. तक्रारीच्या अर्जावर पहिली सही माझी होती. सोमवारी ग्रामसभा होती आणि तिला काढायचं जवळपास ठरलंच होतं.

शनिवारी मी ठरवलं, हिला रंगेहाथ पकडायचं. साडेपाचलाच घरातून निघाले आणि वॉलजवळच्या देवळाच्या ओट्याआड उभी राहिले. थंडी मरणाची. सहाला पाच मिनिटं कमी असताना समता आली. झाकण काढलं, चावी लावली, मोजत मोजत वॉल उघडला आणि सायकलवर टांग मारून टाकीकडे गेली. माझं तोंड तिथंच कडू झालं. पोरगी खरं बोलत होती.

दहा मिनिटांनी दुसरं कोणी आलं. डोक्याला मफलर, खांद्यावर लोखंडी चावी. बाबा.

ती चावी मी रोज पाहत होते. त्यांनी स्वतःच्या पैशानं वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली, आमच्या दाराआड उभी असायची. रोज झाडताना मी तीच बाजूला सरकवायची. आणि समताला म्हणत होते, चावी तुझ्याच जवळ आहे!

बाबांनी चावी लावली. फिरली. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि मोजायला लागले, एक, दोन, तीन. चौदाला थांबले. चेहऱ्यावर तीच शांतता, जी आम्ही रोज सातला कौतुकानं बघायचो.

“बाबा, काय करून राह्यले?” मी ओरडलेच.

ते दचकले, मग तोंडावर बोट ठेवलं. “हळू बोल. पोरगी रोज उघडा ठेवते. वरच्या आळीचं पाणी चार ते साडेपाच, मंग बंद करा लागते ना, नाहीतर खालच्या आळीले पोचत नाही! चारले उठत नसन, उशिरा उघडत असन, मंग विसरते. मी गुपचूप बंद करतो. कोणाले सांगू नको, तिची नोकरी जाईन.”

“बाबा, टाइम बदलला,” मी म्हटलं. “दिवाळीत नवी टाकी सुरू झाली, तवापासून दोन्ही आळ्यांले सहा ते आठ पाणी असते. पंचायतीच्या फळ्यावर लिहेल हाय.”

त्यांनी चावी खाली टेकवली. “मले काऊन नाही सांगतलं?”

त्यांची चिंता वाढू नये म्हणून नाही सांगितलं, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? त्यांनी वॉल परत उघडला. चौदा आटे मोजताना तीनदा चुकले.

सोमवारी ग्रामसभेत सरपंचबाईंनी अर्ज वाचायला घेतला आणि बाबा उभे राहिले. उभं राहायला मी त्यांना सांगितलं नव्हतं, सासूबाईंनी तर धोतराचा सोगा धरून ठेवला होता.

“पाणी समतानं नाही, म्या बंद केलं,” ते म्हणाले. “अठरा दिवस. मले भेव वाटते. घरी बसलो का छाती धडधडते, वाटते वॉल उघडा राह्यला, गाव बिनपाण्याचं राह्यते. पाहाले गेलो अन् म्याच बिनपाण्याचं ठेवलं.”

एका पावसाळ्यात गावाचं पाणी चालू ठेवायला भर पुरात टाकीवर चढलेला हा माणूस ‘मला भीती वाटते’ म्हणून सभेत सांगत होता.

समता उठली. तिनं माफ केलं वगैरे काही नाही. रागानं लाल झाली होती. “चावी द्या काका,” ती म्हणाली. बाबांनी दिली. रिकामा हात कुठं ठेवावा त्यांना कळेना. ती दारापर्यंत गेली आणि वळली. “रोज आठले मी बंद करते. तुमी येत जा. फिरवून पाहा. फिरला त मले सांगजा.”

आता ते रोज आठला जातात. समता चावी हातात देते, ते फिरवून पाहतात, “बंद हाय,” म्हणतात आणि घरी येतात. धडधड अजून होते कधीकधी. झाली की सांगतात, आणि आम्ही विषय बदलत नाही.

समता त्यांना काका म्हणते, पहिल्यासारखंच. मला ती आधी ताई म्हणायची. आता अंगणवाडीत नळ पाहायला येते आणि विचारते, “पाणी आलं का, मॅडम?”