कुसुमआत्याची पायमशीन

कुसुमआत्या कोणाचंही बोलणं मशीन चालवत ऐकायची. समोरचा काहीबाही सांगतोय, हिचे पाय खालच्या पायट्यावर, नजर सुईखाली, आणि मधून मधून एक "हाव". पण बोलणारा थापा मारू लागला की तिचे पाय थांबत. ती मान वर करत नसे, काही म्हणतही नसे. नुसतं चाक थांबे आणि ओसरीत एकदम शांत होई. "उद्या नक्की शिवण नेतो आत्या" म्हणणारा त्या शांततेत गडबडून "बरं, बाजाराच्या दिवशी नेतो" म्हणे, की मशीन पुन्हा सुरू.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला आणि ती दारव्ह्याला भावाकडे परत आली, ती पायमशीन सोबत घेऊनच. आमचं घर कचेरीतल्या माणसांचं. आजोबा कोर्टात, वडील पंचायत समितीत, मी पाटबंधारे खात्यात. आत्या घरी शिवते म्हटल्यावर लोकांना वाटे, झंपर-परकर शिवत असेल. आत्या शिवायची ओट्या. कापूस वेचताना बाया कमरेला जी मोठी झोळी बांधतात, ती ओटी. जुन्या लुगड्याची दुहेरी घडी, तोंडाला पोत्याची पट्टी आणि कोपऱ्यावर नाडा. त्या कोपऱ्यावर सुईखाली कापडाचे इतके थर येत की दुसरी मशीन अडलीच असती. आत्याची दणदणत निघून जायची.

कापसाचा भाव पडला त्या वर्षांत ओट्यांना मागणी वाढली. ज्यांच्या घरच्या बाया कधी दुसऱ्याच्या वावरात गेल्या नव्हत्या, त्याही मजुरीने वेचायला जाऊ लागल्या. अशी एखादी दिवेलागणीला मागच्या गल्लीने येई आणि म्हणे, "आमच्या कामवालीसाठी एक ओटी पाह्यजे होती." आत्याचे पाय थांबत. मग ती अगदी सहज म्हणे, "तुह्याच बांध्याची हाये ना ते? उभी राह्य मंग, तुह्यावरूनच माप घेऊ." त्या बाईची लाज तिथेच संपायची. गल्लीत कोणाला पत्ता लागायचा नाही.

लाज मला वाटत होती, आणि ती वेगळी होती. ओसरीवर संध्याकाळी चार-पाच बाया बसलेल्या, पायांना काळी माती, केसांत कापसाचे तंतू, आणि नेमके तेव्हाच आमच्या कचेरीतले कोणी यायचे. मी त्यांना बायांच्या मधून वाट काढत आत न्यायचो. ओसरीला जाळी लावून खुर्च्या टाकाव्यात, असं माझ्या मनात फार होतं. बोललो मात्र कधी नाही. मला बोलायची सवयच नाही, आणि लोक त्याला माझा चांगुलपणा समजत आले.

त्या बायांपैकी कमल रोज यायची. तिच्याकडे ओटी शिवण्याचं काम नसलं तरी यायची. आत्याने तिला शिवण शिकवलं. "सुईकडं काय पाहून राह्यली? कापडाकडं पाह्य. सुई काही पळून नाही जात, कमले." पुढे कमलने माहेरून आपल्या आईची जुनी मशीन आणली आणि थोडंफार शिवू लागली. आत्या आपल्याकडचं जास्तीचं काम तिला देई आणि वर टोमणा मारी, "बखया वाकडा आला तं माह्यं नाव सांगू नको."

मग एका वेचणीच्या तोंडावर आत्याची मशीन टाके सोडू लागली. तेल घालून झालं, सुई बदलून झाली, पट्टा आवळून झाला. मी म्हणालो, "आत्या, नवीन घेऊ. मोटरवाली. पाय दुखायचे नाहीत."

"माह्ये पाय कधी दुखले? दुरुस्त कर तिले."

"जुनी झाली आहे."

"मीही झाली. मले बदलवतं का?" ती म्हणाली. "नवीन मशीन म्हणजे नवीन सून. तिच्या कलानं घ्या लागते."

माझी बायको आतून म्हणाली, "सुनेच्या कलानं तुम्ही कधी घेतलं, आत्याबाई?"

"म्हणून तं सांगून राह्यली, मले जमत नाही ते."

शेवटी असं ठरलं, की बाजाराच्या दिवशी येणारा मशीनवाला जे म्हणेल ते करायचं. पण त्या दिवशी आत्याला बारशाला नेरला जावं लागलं. जाताना म्हणाली, "तू दाखवजो बरं त्याले. तो सांगन तसं." मी त्या मशीनवाल्या मुनीरभाईंना घरी आणलं. त्यांनी मशीन उलटी केली, बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "खालचा दोरा फिरवणारं शटल घिसलं आहे, बाकी काही नाही. पुढच्या बाजाराला नवीन आणतो, बसवून देतो. ये मशीन मेरे बाद भी चलेगी, साहब." मी म्हणालो, "राहू द्या."

आत्या परतल्यावर तिला सांगितलं, "तो पार्ट आता येतच नाही म्हणतो. पार यवतमाळपर्यंत चौकशी केली." ती मशीनपाशीच बसली होती. पण पट्टा काढलेला होता, चाक आधीच थांबलेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तू इतकी चौकशी केली, तं मंग काय करतं."

दुकानदाराने जुनी घेऊन नवी दिली. नवी मशीन दिसायला सुरेख, आवाज नाही. पोत्याच्या पट्टीवर आली की सुई मोडायची, आणि वीज तर निम्मा दिवस नसायचीच. आत्याने दोन-तीन ओट्या नेटाने शिवल्या आणि मग साड्यांना फॉल लावायला लागली. बाया यायच्या थांबल्या. ओसरीला जाळी लागली, खुर्च्या आल्या. माझ्या मनासारखं झालं होतं. इथपर्यंतचं मी स्वतःला माफ करत आलो. म्हातारीचे कष्ट कमी झाले, असं लोकांना सांगतही आलो.

पुढचं मात्र मला माफ करता येत नाही. वर्षभराने कमल आली. तिचीही मशीन टाके सोडत होती. आत्याने अगदी जाणकारपणे विचारलं, कुठे सोडते, कशी सोडते, आणि म्हणाली, "माह्या मशीनले जे झालतं तेच हाये हे. तो पार्ट आता येत नाही, कमले. आमच्या भाच्यानं पार यवतमाळलोक पाह्यलं. खर्चात पडू नको, इकून टाक." मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. दार उघडं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोललो नाही. कमलने मशीन भंगारात दिली आणि पुन्हा पूर्ण वेळ वेचणी-निंदणीला जाऊ लागली. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही.

आत्या वाट पाहायची. "कमली काहून येऊन नाही राह्यली? तुले कुठं दिसली का?" मी म्हणायचो, कामात असेल. शेवटच्या आजारपणात तिने दोनदा निरोप धाडला. कमल आली नाही. आत्या गेली, तेव्हा त्या ओट्यावाल्या बायांतल्या पुष्कळ जणी मातीला आल्या होत्या. कमल नव्हती.

तेरावं झाल्यावर बायको म्हणाली, नवी मशीन कोणाला तरी देऊन टाका. मी कमलच्या घरी गेलो. ती दारात तूर पाखडत होती. मशीनचं बोललो, तर सूप न थांबवता म्हणाली, "मले कायले? तुमच्या आत्यानं माही इकाले लावली. तेव्हाच समजली मी."

"काय समजलीस?"

"मले बरं शिवता येऊ लागलं, तं माह्या पोटावर पाय देल्ला तिनं. शिकवलं तिनंच, आन मोडलं तिनंच."

तेव्हा मी बोललो. मुनीरभाई काय म्हणाले होते, मी आत्याला काय सांगितलं, आणि त्या दिवशी मी आतल्या खोलीत होतो, ते सगळं. तिने सूप खाली ठेवलं.

"आत्याले मालूम होतं?"

"नाही. तिला माझं खरं वाटलं. तेच तिने तुला सांगितलं."

मला वाटलं, कमल शिव्या देईल. तिने पदराने तोंड पुसलं आणि अगदी हळू म्हणाली, "मंग मी मातीले आली असती ना, भाऊ."