मागची कडी

भोयर सर गेल्याचं मला कळलं ते नागपुरात, एका लग्नाच्या पंगतीत. आमच्या वर्ध्याच्या तंत्रनिकेतनातून माझ्याआधी निवृत्त झालेले एक सहकारी समोरच्या पानावरून वाकून म्हणाले, “मॅडम, तुमी वर्ध्याले नाई गेल्या काय? सरांचं काल झालं सगळं.” मी हातातला घास पानात ठेवला. रडू नंतर आलं, आधी राग आला. गेलेल्या माणसावर राग आला हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण सुधाकर भोयर या माणसाने माझा राग वीस वर्षं जवळून पाहिला होता आणि त्याची त्यांना गंमत वाटायची. वर्षभर हा माणूस आजारी होता. कुणी विचारलं की म्हणायचे, गुडघा दुखतो. मलाही तेच सांगितलं होतं... आणि मी, दोन मुलींची आई, नवऱ्याचं आजारपण काढलेली बाई, त्यावर विश्वास ठेवून बसले होते.

ते यंत्र विभागात शिकवायचे, मी गणित. त्यांचं मूळ घर आष्टीकडच्या एका गावात, शेती कापसाची. माणूस उंच, आवाज त्याहून उंच. त्यांच्या स्कूटरच्या डिक्कीत बारा महिने एक नायलॉनचा दोर असायचा. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती एकदा चाकाला लागली की गाडी जागची हलत नाही. रस्त्यात कुणाची जीप रुतलेली दिसली की सर थांबायचे, दोर काढायचे, ओळखपाळख नसलेल्या माणसांना हुकूम सोडायचे आणि गाडी निघाल्यावर चिखलाच्या पँटनिशी वर्गावर यायचे. स्वतःची स्कूटर बंद पडली की मात्र भर उन्हात एकटे ढकलत न्यायचे. मागून येणाऱ्या विद्यार्थ्याने हात लावला तर त्याच्यावर खेकसायचे. दुसऱ्याची गाडी ओढण्यात त्यांना जितका आनंद होता, तितकीच स्वतःची ओढून घेण्याची लाज होती. आमची सगळी स्टाफरूम यावरून त्यांना चिडवायची.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. तेव्हा मोठ्या शहरांतल्या कॉलेजांत रोबोटच्या स्पर्धा सुरू झाल्या होत्या. फेब्रुवारीतल्या त्या स्पर्धांसाठी आमची पोरंही भंगारातून गाड्यांच्या वायपरच्या मोटरी आणायची, पत्रा कापायची, लांबलचक वायर लावलेला बटणांचा डबा हातात धरून ते धूड चालवायची. एका वर्षी आंजी गावच्या दोन मुली आणि त्यांचा एक वर्गमित्र असा आमचा चमू नागपूरला गेला. पहिल्याच फेरीत त्यांचं मशीन अडकलं. नियम असा, की मशीनला हात लावायचा नाही. मग ती तिघं वेळ संपेपर्यंत कडेला नुसती उभी राहिली आणि दुपारच्या एसटीने परत आली. सर त्यांना आणायला स्टँडवर गेले होते. त्यातली वैशाली नावाची मुलगी मशीन मांडीवर घेऊन बसून होती, उतरायचंही भान तिला नव्हतं, असं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. “सहा महिने खपले पोरं, मॅडम. अन् खेळले किती, त चहा पिऊन होत नाई इतका वेळ.” त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं. आपल्याकडे, आपल्या पोरांसाठी, एक छोटी स्पर्धा करायची. जिथे अडकलेलं मशीन घरी जाणार नाही.

प्राचार्यांनी दिवाळीनंतरचा एक रविवार आणि मोठा हॉल दिला, तोही कुरकुरत. गोंधळ झाला तर पुन्हा नाव काढायचं नाही, असं बजावून. स्पर्धांचा हंगाम तर फेब्रुवारीत. सर म्हणाले, रोबोटचा हंगाम नसला तर नसू दे, कापसाचा आहे. खेळ त्यातूनच निघाला. प्लायवूडच्या पाट्या जोडून त्यावर बारदाना ताणायचा, म्हणजे ते वावर. त्यात पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळक्या काड्या रोवायच्या आणि बोंडं लावायची. दोन मशीन दोन बाजूंनी येणार, कापूस वेचून आपापल्या टोपल्यात टाकणार. नियम लिहायला मला बसवलं, कारण त्यांच्या मते माझा स्वभाव त्या कामाला योग्य होता.

कापूस त्यांनी घरून आणला, पहिल्या वेच्याचा, पांढराशुभ्र. पहिल्या चाचणीआधी शालिनीताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, डब्यात दहीभात दिला होता. आमच्याकडे वेचणी सुरू करण्याआधी वावरात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तसा सरांनी प्लायवूडच्या कोपऱ्यात दाखवला. मग मशीन सुरू झाली आणि बघता बघता एकेक करून सगळी बंद पडली. कापसाचे तंतू चाकांच्या दांड्यांना गुंडाळले जाऊन घट्ट वेटोळी झाली होती. त्या हॉलमधल्या एकूण एक माणसाचा जन्म कापसात गेलेला. सायकलच्या चेनमधून, शिलाई मशीनमधून सरकी निघालेला कापूस ओढून काढण्यात सगळ्यांचं बालपण गेलेलं. तरी कापूस चाकात जाईल हे एकालाही सुचलं नव्हतं. मुंबईच्या माणसाने हा खेळ केला असता तर मुकाट्याने थर्माकोलचे गोळे वापरले असते. मीही तेच सुचवलं. सर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या घरच्या भाताला नाव ठेवलं. “वर्ध्यात राहून थर्माकोल वेचाचा काय, मॅडम?”

आठवडाभर ते वेटोळ्यांशी झगडले आणि एका सकाळी हसत हसत आले. मशीन अडकणारच असेल तर अडकू दे, म्हणाले. अडकलेल्या मशीनला समोरच्याने ओढत त्याच्या घराच्या, म्हणजे ते जिथून निघालं त्या, रेघेपर्यंत आणायचं. तिथे त्याच्या चमूने हाताने कापूस सोडवायचा आणि पुन्हा खेळायला लागायचं. ओढणाऱ्याला त्याचे गुण. त्यासाठी प्रत्येक मशीनच्या मागे एक कडी सक्तीची, आणि ती इतकी मोठी, की कुणाचाही हूक तिच्यात बसला पाहिजे. रस्त्यावरच्या रुतलेल्या जिपांचा सगळा अनुभव त्यांनी त्या एका नियमात ओतला होता.

मी म्हटलं, पोरं ठरवून अडकतील. एकमेकांना ओढत बसतील आणि कापसाकडे कुणी बघणार नाही.

“आपले पोरं असं नाई करत,” ते म्हणाले.

पोरांनी आपापल्या गावांप्रमाणे चमू केले होते. दुसऱ्या चाचणीत पुलगावच्या आणि आष्टीच्या चमूंनी नेमकं तेच केलं. एक अडकायचा, दुसरा ओढायचा, मग दुसरा अडकायचा. दोघांचे गुण वाढत गेले आणि टोपली रिकामी. पोरांचं तसं काही चुकलं नव्हतं, नियमातली फट त्यांनी शोधली होती आणि मजेत होती. सर मात्र दुखावले. लहान मूल रुसावं तसे रुसले. माझ्याशीही बोलेनात, जणू भोक मी पाडलं होतं. शेवटी स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “ओढाचे गुण खोडून टाका. कडी राहू द्या.”

गुण नाहीत तर कडी कशाला, मी विचारलं. उगाच मशीनचं वजन.

“असू द्या. ओढाले कोनी आलंच, त धराले जागा पाह्यजे.”

रविवारी हॉल भरला. मी गुणांच्या फळ्याशी बसले होते, आणि मला कबूल करायला हवं, कोरा फळा मी पुन्हा पुन्हा पुसत होते. एक तर प्राचार्य पहिल्या रांगेत, आणि दुसरं म्हणजे सरांनी आदल्या रात्री काही खाल्लं नव्हतं हे शालिनीताईंनी मला सांगून ठेवलं होतं. सकाळ बरी गेली. मशीन अडकत होती, पोरं हताश होत होती, पण वेळ संपला की कापूस सोडवून पुढच्या फेरीला उभी राहत होती, कारण हरलेल्याला घरी पाठवायचं नाही एवढा नियम आम्ही ठेवला होता. दुपारी पुलगावचा चमू आंजीच्या मुलींसमोर आला. ही फेरी जिंकली असती तर पुलगाव पहिलं. सुरुवातीलाच वैशालीचं मशीन थबकलं. पुन्हा तेच... ती बटणाचा डबा हातात घेऊन कडेला उभी, नजर चाकावर. पुलगावचा मुलगा दोन बोंडं वेचून वळला. त्याच्या टोपल्याकडे रस्ता मोकळा होता. त्याने मशीन थांबवलं, मागे घेतलं, आणि धडपडत, दोनदा चुकत, हूक तिच्या कडीत घातला. त्याने तिचं मशीन ओढत तिच्या रेघेपर्यंत नेलं. मुलींनी झडप घालून कापूस ओढून काढला आणि उरलेल्या वेळात इतका वेचला, की पुलगाव ती फेरी हरलं आणि पहिला नंबर आष्टीकडे गेला.

तो मुलगा माझ्यापाशी आला. “मॅडम, ओढाचे काई गुण?”

मी म्हटलं, शून्य. नियम तसाच होता आणि तो मीच लिहिला होता. आजही मी शून्यच देईन.

“बरं,” तो म्हणाला आणि वायर गुंडाळायला गेला.

संध्याकाळी आम्ही दोघं बारदान्याची घडी घालत होतो. सरांचा आवाज त्या दिवशी खाली आलेला मी पहिल्यांदा ऐकला. “तुमचं बरोबर होतं, मॅडम. गुण ठेवले असते, त तो कायच्यासाठी आला हे आपल्याले कधी समजलंच नसतं.” माझं बरोबर होतं असं त्यांनी आयुष्यात तेवढं एकदाच म्हटलं, त्यामुळे मला ते शब्दशः पाठ आहे.

त्यानंतर ती स्पर्धा दर दिवाळीनंतर होत राहिली. कापूस खराच, कडी सक्तीची, ओढण्याचे गुण शून्य. मग मी निवृत्त होऊन नागपूरला मुलीकडे आले. सरांचे फोन आधी यायचे, हळूहळू कमी झाले. जावयाच्या गाडीने एकदा वर्ध्याला गेले तेव्हा न कळवता त्यांच्या घरी थडकले. ते पडवीत खुर्चीत बसले होते. खूप गप्पा झाल्या. मी निघाले तेव्हा त्यांनी उठायचा प्रयत्न केला, कारण पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायची रीत ते कधी मोडत नसत. उठता येईना. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. शालिनीताई दाराशी होत्या, त्याही पुढे आल्या, त्यांच्यावर खेकसले. “काई नाई, गुडघा आहे.” मला असा संताप आला, की तोंडातून निघून गेलं, “जिल्ह्यातल्या एकूण एक मशीनला तुम्ही कडी लावायला लावली सर, आणि स्वतःला?” ते हसले. नेहमीसारखं मोठ्याने नाही. मी तशीच निघून आले, आणि तीच आमची शेवटची भेट ठरली.

परवा भेटायला गेले. शालिनीताईंनी चहा केला. आजार पायांतून वर चढत गेला, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, असं सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. यायनं कुनाले सांगू देलं नाई, म्हणाल्या. मग मला आत नेलं. खोलीत खाट, पुस्तकं, स्कूटरमधला तो दोर खिडकीला गुंडाळून ठेवलेला. दाराच्या मागे खिळ्याला सरांचा कमरेचा रुंद कातडी पट्टा लटकत होता. तो त्यांनी हातात घेऊन माझ्यापुढे फिरवला. पट्ट्याच्या मागच्या बाजूला, पाठीच्या मधोमध, एक पितळी कडी शिवलेली होती.

“तुमी येऊन गेल्या ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाजारात धाडून बसवून घेतली. मले म्हने, मॅडम बोलून गेल्या, आता ओढ तू.” त्यांनी पदराने डोळे टिपले. “मंग रोज संध्याकाळी ह्या कडीले धरून फिरवलं म्या त्यायले अंगणात. खेकसले नाईत एकडाव.”

कडी एका बाजूने घासून चकचकीत झाली होती. शालिनीताईंचा हात अगदी लहान आहे, त्यांच्या मानाने ती बरीच मोठी होती. मी बोटं घालून पाहिली. सहज बसली.