राखीव मशीन

निशातच्या नाकावर राग असतो, असं चंद्रपुरात तिला ओळखणारा प्रत्येक जण सांगेल. तिचे अब्बा वहाबभाई कुलर बनवायचे. तेही हसून म्हणत, "गावाले थंड केलं मी, पण ही पोरगी काही माह्यानं थंड होत नाई." पण तो राग उगाच नव्हता. ज्याला उगाच वाटतो त्याने २००९ च्या मे महिन्यात रक्तसेवा केंद्रात यायला हवं होतं.

इंजिनिअर झाल्यावर निशात पुण्याला न जाता गावातल्या या केंद्रात लागली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या तालुक्यांत केंद्राचे फ्रीज ठेवलेले होते. कुठल्या फ्रीजमध्ये कुठल्या रक्तगटाची बाटली आहे, हे एका प्रोग्रॅमलाच ठाऊक. फोन आला की तिथे बसणाऱ्या मुली स्क्रीनवर बघून गाडी पाठवत. पावसाळ्यात रस्ता तुटायच्या आधी भामरागडला काय भरून ठेवायचं, तेही त्यावरच ठरे. तो बंद पडला की सगळेच आंधळे.

म्हणून निशातने तो अशा रीतीने बसवला होता, की चालू असतानाच एका मशीनवरून दुसरीवर हलवता यावा. एक जुनी मशीन खालच्या खोलीत, एक नवी वरच्या मजल्यावर. हलवताना मेमरीचं पान न् पान पलीकडे उतरवायचं. पण काम तर थांबत नाही. उतरवलेल्या पानांवर तेवढ्यात नवं लिहिलं जातं. कोणती पानं बदलली हे कळलं तर तेवढीच पुन्हा न्यायची. सगळा खेळ बदललेल्या पानांवरच्या खुणांचा.

जुन्या मशीनच्या चिपमध्ये खुणा करायची सोय नव्हती. तिथे प्रोग्रॅम हलवताना प्रत्येक पानाला कुलूप लावावं लागे. कुणी लिहायला गेलं की काम अडायचं, नोंद व्हायची, मग कुलूप उघडायचं. आलापल्लीच्या रस्त्यावर सागवानाची एकेक गाडी वनखात्याच्या नाक्यावर अडवतात ना, तसंच. नव्या मशीनची चिप मात्र लिहिता लिहिता स्वतःच खूण करून ठेवायची. कुणाला अडवणं नाही की थांबवणं नाही.

ही नवी मशीन आली तेव्हा नारळ फुटला, हार पडला, पेढे वाटले गेले. आणि केंद्राचे सचिव गुणवंतराव यांनी ती वरच्या खोलीत नेऊन ठेवली. अंगावरचं प्लास्टिकसुद्धा काढू दिलं नाही. पाहुणे आले तरी चांगले कप कपाटातच ठेवणारा हा माणूस.

"भाऊ, रोजचं काम नवीवर चालवा न," निशातने विनवलं. "जुनी वर राखीव ठेवा. जिथून निघायचं असते तिथीच खुणा लागते. पोचायच्या जागी त्याचा काही उपयोग नाई."

"नवी वस्तू रोज कायले घासाची?" गुणवंतराव म्हणाले. "जुनी चालून राह्यली न? चालू दे. वेळ आली की नवी आहेच."

तिने पुन्हा सांगितलं. कागदावर चित्र काढून सांगितलं. गुणवंतरावांनी प्रत्येक वेळी मान डोलावली आणि केलं काहीच नाही.

मे महिन्यात भर दुपारी खालच्या खोलीची वीज गेली. जनरेटरवर मशीन चालू राहिली, पण एसी बंद. त्या उन्हात खोलीची भट्टी झाली. जुनी मशीन तापून बंद पडायच्या आत प्रोग्रॅम वर न्यायला हवा होता. निशातने हलवाहलव सुरू केली आणि पानांना कुलुपं लागली. बाहेर फोन खणखणत होते, मुली लिहीत होत्या, प्रत्येक लिहिण्याला काम अडत होतं. एक फेरी उतरवून होईपर्यंत तेवढीच पानं पुन्हा बदललेली असत.

तेवढ्यात गोंडपिपरीहून फोन आला. मयुरी नावाची पोर बाळंत झाली होती, बाळ मेलेलं निघालं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. बी निगेटिव्ह हवं होतं. फोनवरच्या मुलीने गट टाइप केला आणि स्क्रीन गोठली. मग खालची मशीन तापून बंदच पडली.

आदल्या दिवसाच्या नकलेवरून वरच्या मशीनवर सगळं पुन्हा उभं करण्यात दुपार गेली. मुली तोवर एकेका तालुक्याला फोन लावत होत्या. अर्ध्या ठिकाणी कुणी उचलेना. प्रोग्रॅम सुरू झाला तेव्हा दिसलं, बाटली आलापल्लीच्या फ्रीजमध्ये होती, आरामात पडलेली. ती पोचली तोवर डॉक्टरांना मयुरीचं गर्भाशय काढावं लागलं होतं.

पुढच्याच आठवड्यात बैठक झाली. गुणवंतरावांनी भाषण केलं, की राखीव मशीनमुळे केंद्र त्याच दिवशी पुन्हा सुरू झालं. टाळ्या पडल्या. आणि संध्याकाळी खालची जुनी मशीन दुरुस्त होऊन कामाला लागली, नवीवर पुन्हा प्लास्टिक चढलं! निशातच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लाज नाही, खंत नाही, वर टाळ्या!

काही दिवसांनी मयुरीची आई आशाबाई आल्या. धान पिकवणारी बाई. डोक्यावर तांदळाची थैली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, निशातबाईंनी मशीन चालू केली म्हणून रक्त मिळालं. थैली खाली ठेवून त्या निशातच्या पायांकडे वाकल्या.

"माही पोरगी वाचली व बाई, तुमच्यानं वाचली."

निशातने त्यांना खांद्याला धरून वर उचललं. आभार! हिच्याकडून आभार घ्यायचे? तिचे डोळे रागाने भरून आले.

"पाया नोका पडू, बाई. रक्त लवकर भेटलं असतं. चांगली मशीन घरात होती. तिच्यावर काम चालवलं असतं त त्या दुपारी स्क्रीन गोठली नसती. कोनी चालवू देल्ली नाई."

आशाबाईंना ते कळायला थोडा वेळ लागला. मग चेहराच बदलला. निशात त्यांचा हात धरून थेट सचिवांच्या खोलीत शिरली. गुणवंतराव चहा पीत होते.

"भाऊ, ह्या मयुरीच्या आई. ह्यांले तुमीच सांगा."

गुणवंतराव उठून उभे राहिले. बसा म्हणाले. आशाबाई बसल्या नाहीत.

"माह्या पोरीचं रगत वाहून राह्यलं होतं, तवा ते नवी मशीन कुठी होती?"

"वरच होती, बाई," गुणवंतराव म्हणाले. "राखून ठेवली होती."

"कोनासाठी?" आशाबाईंनी विचारलं.